साइड-बाय-साइडसाठी ट्रेलर: सोलापुरात बनवून घेतलेला सिंगल ॲक्सल

पोलारिसची आरझेडआर एक्सपी १००० ही दोन आसनी साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी आसने असलेली, खडबडीत वाटांवर चालवायची चारचाकी) आपल्याकडे रस्त्यावर चालवण्यासाठी नोंदवता येत नाही. त्यामुळे ती सोलापुरातून तुळजापूरकडच्या बालाघाटाच्या माळावर न्यायची तर ट्रेलरला पर्याय नाही. आम्ही चिंचोळी औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याकडून त्यासाठी सिंगल ॲक्सल, म्हणजे एकाच आसावर दोन चाके असलेला ट्रेलर बनवून घेतला. एक पावसाळा आणि एक उन्हाळा वापरल्यावर तो मला मनापासून आवडला आहे, आणि त्याचे श्रेय लोखंडाच्या जाडीला नसून ॲक्सलची जागा, पाटे (लीफ स्प्रिंग) आणि ब्रेक यांना आहे.

हे आवर्जून सांगण्याचे कारण असे, की आपल्या जिल्ह्यात ट्रेलर म्हटला की कारागिरांच्या डोळ्यांसमोर उसाची ट्रॉली येते. ती बनवण्यात त्यांचा हात धरणारा क्वचितच सापडेल. पण ती ट्रॅक्टरमागे संथ चालण्यासाठी असते आणि बहुतेक वेळा तिला ना पाटे असतात, ना ब्रेक. तीच रचना जीपमागे हमरस्त्याच्या वेगाने ओढली, तर प्रत्येक खड्ड्याचा दणका वरच्या गाडीला बसतो आणि अनावश्यक लोखंडाचे ओझे ओढणाऱ्या गाडीच्या क्लचवर पडते. कारखान्याने पहिल्यांदा काढलेला आराखडा असाच जड होता. सांगाड्याच्या लोखंडी चॅनेलचा आकार कमी करून त्याऐवजी चांगले पाटे घालावेत, हा आमचा आग्रह त्यांनी मान्य केला, हे त्यांचे मोठेपण.

मापांच्या बाबतीत घाई करू नये. आरझेडआर ६४ इंच रुंद आणि ११९ इंच लांब असून तिचे कोरडे वजन सुमारे ६२५ किलो आहे. पेट्रोल, स्टेपनी आणि हत्यारे धरली की ते ७०० किलोच्या आसपास जाते. आमच्या ट्रेलरचा तळ ६ फूट रुंद आणि १२ फूट लांब आहे. लांबीत उरलेले हे दोन फूट फुकट गेलेले नाहीत, कारण गाडी पुढे-मागे सरकवून भार जुळवण्यासाठी त्यांचाच उपयोग होतो. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या हुकावर यायला हवा. तो कमी पडला तर वेग वाढताच ट्रेलर डोलू लागतो आणि ओढणाऱ्या गाडीचा मागचा भागही सोबत हलवतो. जास्त झाला तर त्या गाडीचे पुढचे टोक हलके होऊन स्टिअरिंगची पकड जाते. आरझेडआरचे इंजिन आसनांच्या मागे असल्यामुळे तिचा मागचा भाग जड असतो, म्हणून तळाच्या मधोमध उभी केलेली गाडी दिसायला नीट वाटली तरी भार मागे गेलेला असू शकतो.

आमच्याकडे ट्रेलरसह एकूण वजन सुमारे ११५० किलो भरते, म्हणजे हुकावर ११५ ते १७० किलो हवेत. मोठ्या वजनकाट्यावर एकूण वजन कळते, पण हुकावरचा भार मोजण्यासाठी आडतीतला धान्य तोलायचा सपाट काटा अधिक उपयोगी पडतो: ट्रेलर सपाट जमिनीवर सोडून चाकांना उटी लावावी, हुकाचे टोक ओढताना असते त्याच उंचीवर ठेवून काट्यावर टेकवावे आणि आकडा योग्य येईपर्यंत गाडी थोडी थोडी सरकवावी. ती जागा सापडली की पुढच्या चाकांसाठी तिथेच अडसर वेल्ड करून घ्यावा. आमच्या ट्रेलरवरील सर्वांत मोलाची गोष्ट कोणती, असे विचारले तर मी या साध्या अँगलच्या तुकड्याकडे बोट दाखवीन.

तळासाठी चेकर प्लेट (उठावदार नक्षीचा सलग पत्रा) न घेता जाळीचा पत्रा घेतला, तो निर्णय पावसाळ्यात सार्थ ठरला. आपली काळी माती टायरच्या खाचांत गच्च बसते आणि सपाट पत्र्यावर तिचा असा निसरडा थर होतो, की चढवतानाच चाके फिरू लागतात. जाळीतून ती बरीचशी खाली गळून जाते. चाके तळाच्या बाहेर असल्यामुळे तळ जमिनीपासून २ फुटांवर राहिला. त्याला ५ फुटांचा फाळका (गाडी चढवायची उतरती फळी) लावला तर चढ साडेतेवीस अंशांचा होतो, ६ फुटांचा लावला तर साडेएकोणीस. आम्ही ६ फुटांचा घेतला आणि तो समाधानकारक आहे.

ब्रेक ओव्हररन पद्धतीचा आहे: पुढची गाडी थांबू लागली की ट्रेलर पुढे रेटला जातो, कपलिंग (हुकाला जोडणारा भाग) दबते आणि त्या दाबानेच ट्रेलरचे ब्रेक लागतात. युरोपात ७५० किलोंच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचा आहे, आणि तुळजापूरचा घाट उतरताना त्यामागचे कारण पटते. तक्रार एकच आहे, पण ती गंभीर आहे. गाडी बांधण्याच्या कड्या कारखान्याने नुसत्या जाळीच्या पत्र्याला वेल्ड केल्या होत्या. ताण आल्यावर पत्रा वाकला, तेव्हा त्यांनी त्या खालच्या चॅनेलला जोडून दिल्या. त्या पहिल्यापासून तिथेच असायला हव्या होत्या. रॅचेटचे (खटक्याने आवळायचे) पट्टे आरझेडआरच्या सांगाड्याला न बांधता तिच्या चारही चाकांना बांधावेत, कारण लांब हालचालीचे सस्पेन्शन खड्ड्यात दबले की सांगाड्याला बांधलेला पट्टा सैल पडतो.

चार आसनी एक्सपी ४ ची लांबी साडेबारा फुटांजवळ जाते, त्यामुळे तिच्या मालकांनी दोन ॲक्सलचा आणि किमान १४ फुटी तळाचा ट्रेलर पाहावा. दोन आसनीला मात्र सिंगल ॲक्सल पुरतो आणि गोठ्यासमोरच्या अरुंद जागेत तो दोन माणसे हाताने वळवू शकतात. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार ट्रेलर हेही मोटार वाहनच असल्यामुळे त्याची स्वतंत्र नोंदणी लागते. म्हणून आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच कारखान्याकडे चाचणी संस्थेने मान्य केलेला नमुना आहे का आणि फॉर्म २१ (विक्रीचा दाखला) व २२ (रस्त्यावर चालवण्यास योग्य असल्याचा दाखला) मिळतील का, हे लेखी विचारून घ्यावे.