अल्कोहोल स्वॅबचा डबा : पाकिटाची कड आधी बघा

कोल्हापुरात सीपीआर चौकातल्या किंवा राजारामपुरीतल्या औषध दुकानात शंभर स्वॅबचा, म्हणजे टोचण्याआधी कातडी पुसायच्या पाकीटबंद ओल्या पॅडचा, डबा सहज मिळतो. घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनी तो जरूर घ्यावा, पण कंपनीच्या नावापेक्षा पाकीट कसं चिकटवलंय ते बघून. आत ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं आणि कडेला बारीक फट राहिली तरी ते उडून जातं. ॲल्युमिनियमचा थर असलेलं पाकीट ओल धरून ठेवतं. घरी आल्यावर दोन-तीन पाकिटं फोडून बघा. पॅड फिरवल्यावर कातडीवर ओल दिसली पाहिजे. कोरडी निघाली तर डबा परत करा. उन्हात उभ्या गाडीत तर डबा ठेवूच नका.

'९० टक्क्यांचं जास्त कडक, म्हणून जास्त चांगलं' हा समज चुकीचा आहे. जंतूंची प्रथिनं मोडायला पाणीही लागतं, शिवाय कडक अल्कोहोल काम होण्याआधीच उडतं.

टोचायची जागा पुसायला मध्यापासून सुरुवात करून गोल फिरवत बाहेर या, पुसलेल्या जागी परत जाऊ नका. ३० सेकंद पुसा, ३० सेकंद वाळू द्या. घाई होते ती नेमकी इथेच. ओल्या जागेवर टोचलं की आग होते आणि दोष सुईला जातो. फुंकर घातली तर तोंडातले जंतू तिथे बसतात. पुसलेल्या जागेला बोट लागलं तर नवा स्वॅब घ्या.

या पाकिटांचा खरा फायदा कळतो तो स्पिरिटमध्ये कापसाचे बोळे भिजवून ठेवलेल्या डब्याशी तुलना केल्यावर. दर वेळी त्यात बोटं जातात, झाकण उघडं राहून अल्कोहोल उडतं, आणि काही जंतूंचे बीजाणू (त्यांचं टणक, सुप्त रूप) तर अल्कोहोलने मरतच नाहीत. असे बोळे वापरू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. दवाखान्यात असा डबा दिसला तर बंद पाकिटातला स्वॅब मागायला संकोच करू नका.

स्वॅबने सगळं भागत नाही. शेतातून आलेल्या माणसाच्या दंडावरचा चिखल किंवा शेण त्याने निघत नाही, आधी साबण-पाणीच हवं. उलट, आंघोळ केलेल्या स्वच्छ पोटावर इन्सुलिन टोचताना स्वॅब लागतोच असं नाही. स्नायूत औषध द्यायला, शिरेत सलाईन लावायला तो हवा. घरी त्याचा जास्त उपयोग इन्सुलिनच्या बाटलीचं रबरी बूच आणि इन्सुलिन पेनचं (पेनसारख्या इंजेक्शनचं) रबर पुसायला होतो. सुई मात्र कधीच पुसू नका, तिच्यावरचा सिलिकॉनचा थर निघतो आणि ती जास्त दुखते.

साखर तपासायला बोट टोचतानाही साबण-पाणीच बरं. गुळाचा हात लागलेल्या बोटातून आकडा खोटा वाढलेला दिसतो, आणि त्या आकड्यावर इन्सुलिनचा डोस वाढवला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते.