एडी, मॉइसनाइट की लॅबमधला हिरा?

भाचीचा साखरपुडा ठरला आणि अंगठीच्या खड्यावरून घरात तट पडले. लक्ष्मी रस्त्यावर दोन संध्याकाळी घालवल्या, तरी तिन्ही खडे आम्हाला सारखेच दिसत होते. दुकानातल्या दिव्यांखाली काचही चमकते. खडा दारात आणून उजेडात बघा.

एडी, म्हणजे अमेरिकन डायमंड, हे झिर्कोनियम ऑक्साइड. त्यात कार्बनचा लवलेश नाही. स्फटिकाची घडण टिकावी म्हणून थोडं यट्रियम किंवा कॅल्शियम ऑक्साइड घालतात. अमेरिकेचं फक्त नाव; स्फटिक वाढवायची रीत बसवली ती सोव्हिएत शास्त्रज्ञांनी, १९७० च्या दशकात. काठिण्य ८ ते ८.५ (मोस मापपट्टीवर, जिथे हिरा १०). रोजच्या अंगठीत काही वर्षांत पैलूंच्या कडा झिजतात, खडा मंद होतो. सणासुदीच्या कुड्यांना मात्र उत्तम.

मॉइसनाइट म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. धार लावायच्या चाकात असतं तेच, पण इथे पारदर्शक स्फटिकाच्या रूपात वाढवलेलं. काठिण्य ९.२५, त्यामुळे बोटात वर्षानुवर्षं टिकतं. हिऱ्यापेक्षा दुपटीहून जास्त रंग फेकतं (उजेडाचे रंग फाकण्याचं माप ०.१०४, हिऱ्याचं ०.०४४). ताई बघताक्षणी म्हणाली, "अगं, ही तर गणपती मंडळाची रोषणाई!" खडा तिरका धरून भिंगातून पाहिलं तर मागचे पैलू दुहेरी दिसतात. उष्णता मोजणारं साधं यंत्र त्याला हिराच म्हणतं, तेव्हा त्या यंत्राच्या 'टुक्'वर भाळू नका.

लॅबमधला हिरा ही नक्कल नव्हे. तो कार्बनच, काठिण्य १०, फक्त जमिनीऐवजी प्रचंड दाबाखाली किंवा वायूतून थरांथरांनी वाढवलेला. खाणीतला की लॅबमधला, हे नुसत्या डोळ्यांनी सराफालाही सांगता येत नाही. म्हणून प्रमाणपत्र घ्या, आणि खड्याच्या कडेवर लेसरने नंबर कोरलेला असेल तर तो भिंगातून जुळवून बघा.

सगळ्यात जास्त घोळ कॅरटचा. कॅरट हे वजन आहे, आकार नाही. ६.५ मिमीचा गोल हिरा साधारण १ कॅरटचा. तेवढाच एडी दीड कॅरटच्याही वर जातो आणि मॉइसनाइट ०.९ च्या आसपास राहतं. भाव विचारताना मिलिमीटर विचारा.

मोडीत सोन्याचे पैसे येतात. एडी आणि मॉइसनाइटला जवळपास काही मिळत नाही, आणि लॅबमधल्या हिऱ्याचे भावही गेल्या काही वर्षांत बरेच घसरलेत. गुंतवणूक म्हणून यातलं काहीच घेऊ नये, असं माझं मत.

भाचीने अर्ध्या कॅरटचा लॅबमधला हिरा घेतला. कुड्या तुळशीबागेतल्या, एडीच्या.