गुठळीचा संशय: आधी स्कोअर मांडायचा की थेट सीटी?

कोल्हापुरातल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत नातेवाईक हमखास म्हणतात, "डॉक्टर, कशाला वेळ घालवताय, सरळ सीटीच काढा की." पेशंटला धाप लागलेली, श्वास घेताना छातीत कळ येते, आणि संशय पल्मनरी एम्बोलिझमचा, म्हणजे फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याचा. हा आजार जीव घेतो, त्यामुळे घाई समजण्यासारखी आहे. तरी दर वेळी थेट सीटी योग्य नसतो आणि दर वेळी स्कोअर मांडत बसणंही परवडत नाही.

वेल्स स्कोअर म्हणजे गुठळीची शक्यता किती हे मोजणारे गुण. त्याला काही लागत नाही, फक्त पेशंटला नीट विचारावं आणि तपासावं लागतं. पायात गुठळीची लक्षणं असली तर ३ गुण. दुसऱ्या आजारापेक्षा गुठळीच जास्त संभवते असं डॉक्टरांना वाटलं तर ३. नाडी १०० च्या वर असेल, गेल्या चार आठवड्यांत ऑपरेशन झालेलं असेल किंवा पेशंट तीन दिवस अंथरुणाला खिळलेला असेल, पूर्वी गुठळी झालेली असेल, तर प्रत्येकी १.५. खोकल्यातून रक्त आणि कॅन्सर यांना प्रत्येकी १. बेरीज ४ च्या वर गेली की संशय बळकट.

समजा, भुदरगड तालुक्यातली एक बाई आली. दोन आठवड्यांपूर्वी पायाच्या फ्रॅक्चरचं ऑपरेशन, त्याच पायाची पोटरी सुजलेली, दाबली की दुखते, नाडी ११२, आणि डॉक्टरांनाही गुठळीच जास्त संभवते असं वाटतं. स्कोअर ३ + ३ + १.५ + १.५ = ९. इथे डी-डायमर, म्हणजे गुठळी विरघळताना रक्तात वाढणाऱ्या घटकाची तपासणी, करणं म्हणजे वेळ आणि पैसा वाया; ऑपरेशननंतर तो तसाही वाढलेलाच सापडतो. थेट सीटी. रक्तस्रावाचा मोठा धोका नसेल तर रिपोर्टची वाट न पाहता हेपरिनही (रक्त पातळ करणारं इंजेक्शन) सुरू करावं.

आता शिरोली एमआयडीसीतला तिशीतला कामगार घ्या. छातीत दुखतंय, पण नाडी ७८, ऑक्सिजन ९८, पाय ठीक, पूर्वीचा काही इतिहास नाही, आणि डॉक्टरांनाही गुठळीची शंका फारशी वाटत नाही. अशा वेळी पर्क नावाचे आठ निकष तपासतात. आठही उत्तरं 'नाही' आली तर गुठळीसाठी डी-डायमरसुद्धा नको, सीटी तर नकोच. छातीत दुखण्याचं कारण मात्र शोधायचं.

या दोघांच्या मधल्या पेशंटसाठी डी-डायमर कामाचा. नेहमीची मर्यादा ५००; आकडा त्याखाली आला तर सीटी नको. पन्नाशीपुढे वयाला १० ने गुणायचं, म्हणजे ७२ वर्षांच्या आजोबांना ७२०. पण रिपोर्टवर एकक बघाच. हे आकडे एफईयू एककातले आहेत. काही लॅब डीडीयूमध्ये रिपोर्ट देतात, तिथे मर्यादा साधारण निम्मी धरावी लागते. ही एक ओळ न वाचल्यामुळे गुठळी निसटू शकते.

सीटी अँजिओग्राफीची (याच सीटीचं पूर्ण नाव) खरी ताकद म्हणजे गुठळी डोळ्यांना दिसते, आणि न्यूमोनियासारखं दुसरं कारण असेल तर तेही सापडतं. पण ती चांगली निघायला कोपराजवळच्या शिरेत हिरवी किंवा गुलाबी इंट्राकॅथ (शिरेत ठेवायची सुई; रंगावरून जाडी कळते) लागते. मनगटावरच्या बारीक निळ्या सुईतून कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या उठून दिसण्यासाठी द्यायचं औषध) हवा तेवढ्या वेगाने जात नाही. धापेमुळे श्वास रोखता आला नाही तर चित्र हलतं. शिवाय किरणोत्सर्ग आहे, कॉन्ट्रास्टची ॲलर्जी आहे, किडनीचा प्रश्न आहे. अगदी बारीक फांदीतली, कदाचित निरुपद्रवी गुठळी दिसली की रक्त पातळ करणारी औषधं महिनोन्‌महिने मागे लागू शकतात, आणि त्यांनी रक्तस्राव होऊ शकतो.

नातेवाइकांना मी कळकळीने सांगते ते पुढचं. २००६ च्या पायोपेड-२ अभ्यासात शंका जोरदार असताना सीटी निगेटिव्ह आला, तर तो खरा ठरण्याचं प्रमाण ६० टक्केच होतं. शंका कमी असताना पॉझिटिव्ह आलेला सीटी ५८ टक्केच खरा निघाला. तेव्हाची मशीन आजच्यापेक्षा साधी होती हे मान्य, पण मुद्दा तोच राहतो: स्कोअरशिवाय सीटीचा रिपोर्ट नीट वाचताच येत नाही. जोरदार शंका असून सीटी कोरा आला, तर पायांचा डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) करून घ्या.

बीपी कोसळलेल्या पेशंटला हे गणित लागू नाही. तिथे पलंगाशेजारीच इको करून हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण दिसतो का ते बघायचं आणि उपचाराला लागायचं. गरोदर बाईच्या एका पायाला सूज असेल तर आधी डॉपलर. पायात गुठळी सापडली तर बहुतेक वेळा छातीचा सीटी टळतो.

चंदगड किंवा गगनबावड्याकडच्या डॉक्टरांपुढे निवड वेगळी असते. तिथे सीटी म्हणजे लांबचा प्रवास. त्यांच्यासाठी स्कोअर हेच पहिलं हत्यार: कुणाला डी-डायमरवर थांबवायचं आणि कुणाला हेपरिनचा डोस देऊन लगेच अँब्युलन्समध्ये घालायचं, हे त्यावर ठरतं. सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) पाठवा की खासगीत, चिठ्ठीवर नाडी, ऑक्सिजन, स्कोअरमधला प्रत्येक गुण कशाचा, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि हेपरिन किती वाजता दिलं एवढं लिहा. इंट्राकॅथ निघण्याआधीच कोपराजवळ लावून द्या.