नोकरी सांभाळून पार्ट-टाइम पीएचडी: तिसऱ्या वर्षातला अनुभव

मी गोव्यात फोंड्याला बँकेत आहे, विषय घेतलाय देवळांच्या उत्सवातली मराठी नाटकं. युनिव्हर्सिटीचं नाव लिहीत नाही पण नोकरीवाल्यांनी आधी हे वाचा.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांत पार्ट-टाइम चालते, फक्त ऑफिसचं एनओसी लागतं आणि त्यात अभ्यासाला वेळ मिळेल, कोर्सवर्कला, म्हणजे पीएचडीच्या वर्गांना, सोडू असं साहेबांनी लिहून द्यावं लागतं, मला त्यालाच दोन महिने लागले. कमीत कमी 3 वर्षं, जास्तीत जास्त 6, बायकांना वर 2 मिळतात. कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचं. तिथे मात्र खूप त्रास झाला, लेक्चर भर अकराला आणि टाइमटेबल आदल्या रात्री बदलायचं, माझ्या सगळ्या रजा त्यातच संपल्या.

पण गाइड भेटल्या त्या सोन्यासारख्या. म्हणाल्या, नाटक गावाचं आहे तर आधी गावाला दाखव. मग जत्रेला अग्रशाळेत (देवळाच्या धर्मशाळेत) जुन्या जाहिरातींचे, फोटोंचे प्रिंट लावले, दोन दिवस मी तिथेच बसून. दुसऱ्या दिवशी एक आजी हाताला धरून घरी घेऊन गेल्या आणि ट्रंकेतून प्रॉम्प्टरची वही काढली, कोपरे वाळवीने खाल्लेले, मार्जिनमध्ये निळ्या पेन्सिलीने "पेटी थांबव", "इथे घाई नको". कोणत्या वर्षी स्त्रीपार्ट कोणी केला ते आजींना तोंडपाठ! पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा लायब्ररीत (1832 पासूनची आहे ती) मी कितीतरी शनिवार काढलेत, जुनी वर्तमानपत्रं मिळतात, तिथल्या लोकांनी मदतही भरपूर केली, पण ही वही तिथे कुठून मिळणार.

दर सहा महिन्यांनी कमिटीपुढे प्रेझेंटेशन असतं, तिथे विचारलं की प्रदर्शनाचा थिसिसला उपयोग काय. मला फार लागलं ते. पब्लिक ह्युमॅनिटीज म्हणतात ते हेच ना, लोकांबरोबर बसून केलेलं संशोधन, आणि त्याला एक क्रेडिट नाही. थिसिस देण्याआधी पेपर छापायची सक्ती नव्या नियमांत काढली आहे, तो वाचलेला वेळ मी गावात घालवते.

तरी घ्या अ‍ॅडमिशन, नक्की घ्या. फक्त फॉर्म भरायच्या आधी गाइडना भेटा आणि स्पष्ट विचारा, तुम्ही माझ्याबरोबर गावात याल का. माझ्या गाइड आल्या होत्या, वही स्कॅन करून परत द्यायला गेलो तेव्हा, आणि आजींनी त्यांना चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही.