ओल्या फडक्यानं मोजलेली ओल

गेल्या मे महिन्यात गच्चीची गळती थांबवायच्या नावाखाली माझे १८,४०० रुपये गेले. चोरीला गेले असते तर एकदा रडून मोकळी झाले असते. इथं पैसे मी माझ्या हातानं दिले, काम मी माझ्या हातानं केलं, आणि पावसात घर पुन्हा गळायला लागल्यावर दोषही माझ्याच माथी आला. घरची दुरुस्ती स्वतः करणाऱ्यांना, किंवा करावी म्हणणाऱ्यांना, हे सविस्तर सांगायचं आहे. कारण असा सल्ला विकणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं: काम तुम्ही करायचं, म्हणजे बिघडलं तर तुम्हीच बिघडवलंत.

आमचं घर कराडला. सासऱ्यांनी १९९६ साली बांधलेलं, वर ७०० चौरस फुटांची गच्ची. एप्रिलच्या शेवटी वळवाचा एक मोठा पाऊस झाला आणि मधल्या खोलीच्या कोपऱ्यात छताला बशीएवढा डाग उमटला. त्याखाली भिंतीला आधीपासून लोणा आलेला होताच, रंगाचे पोपडे सुटत होते. एका ठेकेदाराला दाखवलं. जुना कोबा फोडून विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा घालायचा, १,०५,००० रुपये. मुलाच्या कॉलेजची फी तोंडावर आलेली, एवढे पैसे काढणं शक्यच नव्हतं. नळ बदलणं, फ्लशची टाकी दुरुस्त करणं, स्वयंपाकघराच्या टाइल्सचे सांधे भरणं ही कामं मी गेली बरीच वर्षं स्वतः करते. म्हटलं, कुणी नीट सांगितलं तर हेही जमेल.

मोबाइलवर शोधताना ‘गळतीवर मोफत सल्ला’ अशी जाहिरात दिसली आणि मी फोन लावला.

त्या माणसाचं पहिलं पाऊण तासाचं बोलणं खरं होतं, हे मुद्दाम सांगते. पाऊस थांबल्यावर किती वेळानं ठिबकतं, डागाची कड तांबूस आहे का, छताला कुठं गंजलेली सळई दिसते का, सगळं त्यानं विचारलं. नाण्यानं गिलावा ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर तो सुटलेला आहे, असं सांगितलं. सळई उघडी पडली असेल तर घरच्या घरी हात लावू नका, इंजिनिअरला दाखवा, हेही त्यानंच सांगितलं. ते बरोबरच आहे. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीटचे तुकडे पाडते, तिथं नुसता वरून थर देऊन भागत नाही. इतकं बरोबर सांगणारा माणूस पुढचं खोटं सांगेल असं कुणाच्या मनात येईल? शिवाय तो म्हणाला, “ताई, ठेकेदार लुटतात. हे काम तुम्ही दोन दिवसांत कराल, मी फोनवर आहे की.” मला नेमकं हेच ऐकायचं होतं.

दोन दिवसांनी तो ‘मोफत तपासणी’ला घरी आला. हातात ओल मोजायचं यंत्र, पुढं दोन टोकदार पिना असलेलं. डागाखालच्या भिंतीपाशी गेला, खिशातून फडकं काढलं, “धूळ असली की रीडिंग चुकतं” म्हणत भिंत पुसली आणि पिना टेकवल्या. यंत्र कर्कश वाजायला लागलं, लाल दिवा लागला. मग शेजारची भिंत पुसली, तिथंही लाल. समोरची पुसली, तिथंही लाल. सासूबाई घाबरून म्हणाल्या, “अगं, सगळं घरच ओल धरून बसलंय की!” तो काहीच बोलला नाही, फक्त मान हलवली.

ते फडकं ओलं होतं. मी ते पाहिलं होतं, कारण पुसलेल्या जागेवर पिवळ्या रंगाचा पट्टा क्षणभर गडद झाला आणि मग फिका पडला. डोळ्यांना दिसलं, पण तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. अशा यंत्रात दोन पिनांमधून वीज किती सहज जाते ते मोजतात. ओलं फडकं फिरवलेल्या कोरड्या भिंतीवरही ते वाजणार. लोणा आलेल्या भिंतीवर तर फडक्याचीही गरज नाही, तिथल्या क्षारांमुळेसुद्धा आकडा चढतो. तुमच्याकडे कुणी हे यंत्र घेऊन आला तर आधी ज्या भिंतीला ओल नाही हे तुम्हाला पक्कं माहीत आहे, तिथं न पुसता लावायला सांगा.

मग गाडीतून ड्रम आला. २० लिटरचा, पांढरा, त्यावर रंगीत स्टिकर आणि मोठ्या अक्षरात ‘जर्मन टेक्नॉलॉजी’. भाव १४,५००. सोबत पाच किलो पांढरी पावडर, २,४००. आणि ‘पूर्ण मार्गदर्शना’चे १,५००. मोफत सल्ल्याचे पैसे कसले, असं मी विचारलंही. तो म्हणाला, तपासणी मोफत, मार्गदर्शन वेगळं. बिल मागितलं तर म्हणाला, “बिलावर १८ टक्के जीएसटी पडेल ताई, तुमचेच पैसे वाचवतोय.” क्यूआर कोड स्कॅन केला तर भलत्याच नावाचं खातं आलं. “बायकोचं आहे,” म्हणाला. मी पैसे पाठवले.

ड्रमवर काय नव्हतं ते आता मला तोंडपाठ आहे. बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता नव्हता, महिना-वर्ष नव्हतं, एमआरपी नव्हती, तक्रारीचा नंबर नव्हता. पॅकबंद मालावर हे छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. चांगल्या कंपनीच्या डब्यावर याशिवाय एका लिटरमध्ये किती चौरस फूट होतं, पाणी किती घालायचं, दोन थरांमध्ये किती तास थांबायचं, हेही लिहिलेलं असतं. इथं सगळं तोंडी. “कॉन्सन्ट्रेट आहे, एकाला चार पाणी घाला, तीन हात मारा.” २० लिटर माल, ७०० चौरस फूट, तीन हात. म्हणजे एका लिटरमध्ये ३५ चौरस फूट, तेही तीन थरांसकट. बारीक भेगांवर ताणून टिकणारा थर जाड लागतो, चौपट पाण्यानं तो बनतच नाही. एवढा भागाकार मी त्या दिवशी करायला हवा होता.

शेवाळ खरवडायचं का, विचारलं. म्हणाला, गरज नाही, केमिकल आत शिरतं. हेही साफ खोटं. कुठलाही थर धरायला खालचा पृष्ठभाग स्वच्छ आणि घट्ट लागतो. शेवाळावर मारलेला थर शेवाळाबरोबर निघतो.

मुलगा आणि मी दोन दिवस पहाटे पाचला उठून गच्चीवर. पहिला हात आडवा, दुसरा उभा, तिसरा पुन्हा आडवा. माल ताकासारखा पातळ, वास चुन्याच्या आणि डिंकाच्या मधला. वाळल्यावर गच्ची पांढरीशुभ्र दिसली आणि सासूबाईंनी खालून कौतुकानं चहा पाठवला. ते आठवलं की अजून घशात येतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला. गच्चीच्या पाइपातून अंगणात पाणी पडायला लागलं ते पांढरं. दुधासारखं पांढरं, तुळशीच्या कट्ट्याभोवती त्याचं थारोळं झालं. अर्ध्या तासात ते स्वच्छ झालं, म्हणजे जे वाहून जायचं होतं ते गेलं. रात्री मधल्या खोलीत घमेलं ठेवावं लागलं. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या रंगाऱ्यानं गच्चीवर ओलं बोट घासलं, बोट पांढरं झालं. “वहिनी, हे साधं डिस्टेंपर हाय,” तो म्हणाला.

मी फोन केला. आधी उत्तर आलं की तुम्ही मिश्रण नीट ढवळलं नसणार. मग, हात पातळ मारले असणार. मग, मजुराकडून करून घ्यायला हवं होतं, बायकांचं काम नाही हे. ज्या माणसानं दोन दिवसांत कराल म्हणून सांगितलं होतं, त्याच माणसाचं हे बोलणं. चौथ्या दिवसापासून फोन बंद. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आठवडाभर माझं मलाही वाटत होतं की माझंच चुकलं असेल. घरात मी तसं बोलूनही दाखवलं. तक्रार करायला उशीर झाला तो यामुळे.

शेवटी शेजारचे काका आले, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. पाऊस चार दिवस उघडला होता. त्यांनी यंत्र-बिंत काही आणलं नाही. पाइपाचं तोंड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या फडक्यानं बंद केलं आणि चिकणमातीचे बुटके बांध घालून गच्चीचे भाग पाडले. एका वेळी एकाच भागात दोन इंच पाणी, आणि खाली मुलगा टॉर्च घेऊन छताकडं बघत. मधला भाग दिवसभर भरून ठेवला, खाली काही नाही. कठड्याकडचा कोपरा भरला, काही नाही. पाइपाच्या तोंडाशी पाणी धरलं आणि तीन तासांत थेंब आला. पाइप स्लॅबमधून खाली जातो तिथं त्याच्या भोवतीचा गिलावा सुटून बोट जाईल एवढी फट पडली होती. बाकी गच्ची कुठंच गळत नव्हती. ना एक लाखाच्या कोब्याची गरज होती, ना त्या ड्रमाची.

छिन्नीनं सुटलेलं सगळं काढलं, ब्रशनं धूळ झाडली, जागा ओली करून न आकसणारं ग्राउट, म्हणजे फट भरायचं सिमेंटचं मिश्रण, ठासून भरलं. वरून पाइपाकडं उतार देत पॉलिमर घातलेल्या सिमेंटची गोलाई केली. ताडपत्री टाकून सात दिवस पाणी मारलं. सामानाचा खर्च १,६४० रुपये, पक्क्या बिलासकट. काकांनी एक रुपया घेतला नाही. गळतीची जागा शोधायची ही पद्धत कुणालाही जमते, फक्त पाणी धरण्याआधी गच्ची तेवढा भार घेण्याइतकी धड आहे ना, हे बघून घ्या.

तक्रारीचं सांगते. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन केला, त्यांनी बिल मागितलं, तेच नव्हतं. पण पैसे पाठवल्याची नोंद, व्हॉट्सॲपवरचं सगळं बोलणं आणि ड्रमचे फोटो होते, त्यावर तक्रार नोंदली गेली. १९३० या सायबर फसवणुकीच्या नंबरवरही सांगितलं. तो नंबर पैसे गेल्या-गेल्या लावला तर पैसे पुढं सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. मी महिन्याभरानं लावला, खातं रिकामं होतं. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, त्याचे कागद मी तयार करते आहे. ज्यांच्याकडे असा ड्रम आला असेल त्यांनी तो टाकू नका. आमचा जिन्याखाली झाकून ठेवलाय, तळाशी थोडा माल तसाच आहे.

दिवाळीनंतर मुलानं आणि मी तारेच्या ब्रशनं उरलेलं डिस्टेंपर खरवडून काढलं, त्याला पाच रविवार लागले. मधल्या खोलीतल्या छताचा डाग आता सुकून पिवळा पडलाय. सासूबाई म्हणतात, रंग मारून टाक, डोळ्यांपुढं नको. मी थांबले आहे. पुढच्या वळवात तो कोपरा कोरडा राहिला की मग रंग आणणार आहे.