रात्रीची आयकोडेक्स्ट्रिन बॅग: आमचा अनुभव

सासऱ्यांचं, म्हणजे आमच्या अण्णांचं सीएपीडी, म्हणजे पोटात बॅगेतलं द्रव भरून, काही तासांनी काढून करायचं डायलिसिस, लालबागला घरीच चालतं आणि पहिली काही वर्षं कमी ग्लुकोजच्या पिवळ्या-हिरव्या बॅगांवर मस्त निभावलं. मग पाय सुजायला लागले, रात्री पोटात भरलेली दोन लिटरची बॅग सकाळी काट्याला लटकवली की आत गेलं त्याहून कमीच बाहेर, म्हणून लाल बॅग, ४.२५ टक्के ग्लुकोजवाली कडक, रोजचीच झाली. शेवटी पेट (PET) टेस्ट, म्हणजे पोटातला पडदा कसा काम करतोय ते बघायची तपासणी, झाली, डॉक्टर म्हणाले पडदा फास्ट झालाय, आणि रात्रीसाठी ७.५ टक्के आयकोडेक्स्ट्रिन लिहून दिलं.

पडदा म्हणजे पेरिटोनियम, पोटाचं आतलं अस्तर. त्याच्यावर पेशींचा एकच थर असतो. साध्या बॅगेत पाणी ओढायला ग्लुकोज असतं, ते आणि बॅग तापवून निर्जंतुक करताना त्यातून बनणारी द्रव्यं वर्षानुवर्षं लागून हा थर झडतो, खालचा भाग जाड होतो, नवीन रक्तवाहिन्या फुटतात. रक्तवाहिन्या वाढल्या तर बरंच की, असं वाटतं ना? पण होतं उलटंच, ग्लुकोज भराभर रक्तात जातं, ओढ संपते आणि पाणी परत अंगात मुरतं. मग आणखी कडक बॅग, म्हणजे पडद्यावर आणखी ग्लुकोज. पेरिटोनायटिस, म्हणजे या पडद्याचं इन्फेक्शन, वारंवार झालं तर अजूनच वाट लागते.

आयकोडेक्स्ट्रिन स्टार्चपासून बनतं, रेणू मोठे, सावकाश शोषले जातात, त्यामुळे आठ-दहा तास ओढ टिकते. आमच्याकडे लवकरच फरक दिसला, सकाळची बॅग जड यायला लागली आणि अण्णांच्या चपलेचा पट्टा परत बसायला लागला! जाड झालेला पडदा यानं पहिल्यासारखा होत नाही हे मात्र समजून घ्या, फक्त रात्रभराचा ग्लुकोजचा मारा वाचतो.

डायबेटिस असेल तर हे नक्की वाचा. आयकोडेक्स्ट्रिनपासून रक्तात माल्टोज तयार होतं आणि ग्लुकोमीटरच्या जीडीएच-पीक्यूक्यू प्रकारच्या स्ट्रिपवर (प्रकार स्ट्रिपच्या माहितीपत्रकात बघा) साखर खोटी जास्त दिसते, त्या आकड्यावर इन्सुलिन दिलं तर जिवावर बेतू शकतं. बॅग बंद केल्यावरही साधारण दोन आठवडे हा धोका राहतो. आम्ही ग्लुकोमीटर बदलला, आणि अण्णांच्या पाकिटात चिठ्ठी ठेवलीय, इमर्जन्सीत कुठेही नेलं तरी तिथल्या सिस्टरला दिसेल अशी.

बाकी, साध्या बॅगेपेक्षा बरीच महाग आहे आणि दिवसाला सहसा एकच लावतात. डिलिव्हरीवाल्यांचं काय सांगू, भर पावसात खोके खाली गेटजवळ टाकून जातात, लिफ्ट नाही, चाळीतली पोरं वर आणून देतात म्हणून चाललंय.

४.२५ची बॅग चार तास ठेवून भरलेल्यापेक्षा ४०० मिलीसुद्धा जास्त निघत नसेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, बॅगांच्या नोंदींची वही घेऊन सरळ नेफ्रोलॉजिस्टकडे (किडनीच्या डॉक्टरकडे) जा आणि पेट टेस्टचं विचारा.