दुरुस्त केलेला स्टिअरिंग सिलिंडर, दहा महिन्यांनंतर: सगळं अडलं ते डस्ट सीलपाशी

मेच्या अखेरीस बसवलेला स्टिअरिंग सिलिंडर (तेलाच्या दाबाने पुढची चाकं वळवणारा) जानेवारीत पुन्हा पाझरायला लागला. डाव्या ग्लँडखाली (रॉड जिथून बाहेर येतो ते सील धरणारं टोक) रोज सकाळी बशीएवढा डाग, आणि आठवड्याला पाव लिटर तेल वरून ओतायचं. ट्रॅक्टर ४५ एचपीच्या आसपासचा, टू-व्हील ड्राइव्ह. सिलिंडर पुढच्या अ‍ॅक्सलवर आडवा, दोन्ही टोकांना रॉड असलेला. काम पावसाच्या तोंडावर खाजनात (खाडीकाठच्या खाऱ्या शेतात), हिवाळ्यात वायंगणाची (हिवाळी भाताची) चिखलणी, मधल्या काळात ट्रॉली. बाकी तपशील असा ट्रॅक्टर वापरणाऱ्याला ठाऊक असतातच.

पहिल्या खेपेला केलेली दुरुस्ती एवढीच: पूर्ण सील किट, बॅरलला हलकं होनिंग (आतून घासणं), रॉडला पॉलिश. रॉड नव्याने क्रोम करून घ्या, असं वर्कशॉपने सुचवलं होतं. बिल फुगवायची ती युक्ती वाटली. नव्या सिलिंडरच्या निम्म्याहून कमी पैशांत काम झालं म्हणून समाधानही होतं. त्या समाधानाचं पुढे काय झालं ते खाली येतंच.

आधी बसवण्याबद्दल, कारण दुरुस्त सिलिंडर घाईने बसवला तर चांगलं किटही महिन्यात जातं. ब्रॅकेट जिथे बसतं ती अ‍ॅक्सलची जागा खरवडून, तारेच्या ब्रशने घासून कोरडी करायची. तिथे चिखलाचा किंवा गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी सिलिंडर किंचित तिरका बसतो, रॉडवर एका बाजूने दाब येतो आणि सीलची ओठी त्याच बाजूने झिजते. सगळे बोल्ट आधी नुसते हाताने लावायचे, पोर्ट उघडे ठेवून रॉड या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताने सरकवून बघायचा. कुठेही जड लागला तर ब्रॅकेटखाली शिम (पातळ पट्टी), मगच आवळणं. एम१६ मापाच्या ८.८ ग्रेड बोल्टला साधारण २०० न्यूटन-मीटर लागतात. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरायचा. पाइप जोडण्याआधी पोर्टमधून तेल ओतत रॉड तीनचार वेळा सरकवला की आतली बरीच हवा तिथेच निघते. या वेळी खाली तसराळं हवंच.

बॉल जॉइंटच्या टेपरला (पिनेच्या निमुळत्या भागाला) ग्रीस लावायची सवय अनेकांना आहे. लावू नये. टेपर कोरडा आणि स्वच्छ असला तरच घट्ट धरतो. ग्रीस लावला की पिन गरजेपेक्षा खोल ओढली जाते आणि पुढच्या वेळी निघता निघत नाही. कॅसल नट ठरल्या टॉर्कला आवळून भोक जुळत नसेल तर नट पुढेच न्यायचा, मागे कधीच सोडायचा नाही. स्प्लिट पिन नवीच. दोन रुपयांची पिन जपून पुन्हा वाकवणाऱ्यांना हात जोडून नमस्कार. चाकं सरळ धरून दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या रॉडची लांबी पट्टीने मोजायची. दोन्ही सारख्या हव्यात. फरक राहिला तर एका बाजूला अ‍ॅक्सलचा स्टॉपर टेकण्याआधी पिस्टन ग्लँडवर आदळतो. टो-इन (पुढची चाकं पुढून किंचित आत असणं) त्यानंतर. टायरवर हबच्या उंचीला खडूने खूण करून पुढून आणि मागून माप घ्यायचं.

बँजो बोल्टला (तेल जाण्यासाठी पोकळ असलेल्या) दोन्ही बाजूंनी नवे वॉशर. टेफ्लॉन टेप नको, तिचे तुकडे सुटून ऑर्बिट्रोलमध्ये (स्टिअरिंग फिरवलं की सिलिंडरकडे तेल वळवणारं युनिट) जाऊन बसतात. होज आवळताना दुसऱ्या पान्याने फिटिंग धरायचं. होजवरची छापील रेघ पिळलेली दिसली तर सोडून परत लावायचं. काढतानाच एका होजला रंग लावून ठेवलेला असला तर बरं, कारण दोन्ही होज उलटे लागले तर स्टिअरिंग डावीकडे फिरवल्यावर ट्रॅक्टर उजवीकडे वळतो. आवारातच कळलं तर ठीक, बांधावर कळलं तर कठीण.

हवा काढताना पुढचा अ‍ॅक्सल स्टँडवर उचललेला आणि मागची चाकं अडवलेली. इंजिन आयडलवर ठेवून या लॉकपासून त्या लॉकपर्यंत (चाकं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण वळवून) हळूहळू दहाबारा फेऱ्या. लॉकवर पाच सेकंदांपेक्षा जास्त धरायचं नाही. रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारा) किंचाळतो आणि तेल तापतं. टाकीत फेस दिसला की थांबून वीसेक मिनिटं जाऊ द्यायची. लॉक ते लॉक स्टिअरिंगचे किती फेरे होतात ते काढण्याआधी आणि बसवल्यावर मोजून लिहून ठेवावं. पुढे तक्रार करायची वेळ आली तर हाच आकडा कामाला येतो. दहा तासांनी सगळे बोल्ट पुन्हा तपासायचे. गळती शोधायला बोट फिरवायचं नाही, पुठ्ठा धरायचा. दाबाखालचं तेल बारीक छिद्रातून कातडीत घुसतं, आणि ते इस्पितळाचं काम होऊन बसतं.

हे सगळं नीट झालं आणि चवथीपर्यंत ग्लँड कोरडा. रॉडवर तेलाचा पातळ थर दिसायचा, पण तेवढा हवाच. तेव्हा कुणी विचारलं असतं तर सरळ सांगितलं असतं, पॉलिशवर भागतं, क्रोमिंग म्हणजे उधळपट्टी.

मग वायंगण आलं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात डावी बाजू ओली. वर्कशॉपचं पहिलं निदान म्हणजे ऑर्बिट्रोल पण गेला असेल, तो पण खोलू. ग्लँडमधून बाहेर गळतंय आणि हे ऑर्बिट्रोल खोलणार! ऑर्बिट्रोलवरचा संशय अर्ध्या तासात निकालात निघतो. इंजिन बंद करायचं, सिलिंडरकडे जाणारे दोन्ही होज सोडून त्यांना स्टीलचे आट्याचे प्लग घट्ट लावायचे (लाकडी खुंटी किंवा चिंधी अजिबात नाही), मग इंजिन सुरू करून आयडलवर स्टिअरिंगला एका बाजूला हलका जोर द्यायचा. स्टिअरिंगचं चाक भरभर फिरत राहिलं तर ऑर्बिट्रोल आतून गळतोय. अगदी सावकाश सरकणं नव्या युनिटलाही असतं. इथे चाक जवळपास जागीच राहिलं. ऑर्बिट्रोलचं बिल वाचलं.

सिलिंडर उघडल्यावर डाव्या रॉड सीलच्या ओठीला दोन बारीक काप, आणि रॉडवर ग्लँडपासून चार ते नऊ सेंटिमीटरच्या पट्ट्यात टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. नख फिरवलं की अडकतं. उजवीकडचा रॉड गुळगुळीत. एकाच बाजूला का, याचं उत्तर ट्रॅक्टर कसा उभा राहायचा त्यात आहे. शेडच्या कोपऱ्यात घालताना चाकं नेहमी एकाच बाजूला वळलेली, म्हणजे डावा रॉड रात्रभर पूर्ण बाहेर, त्यावर खाजनाचा चिखल तसाच वाळलेला. पावसाच्या तोंडावर खाजनाच्या मातीत उन्हाळ्याचं मीठ असतं. पाऊस लागून ते धुतलं जाईपर्यंतची नांगरणी रॉडला सगळ्यात वाईट. हार्ड क्रोमच्या थराला मुळातच केसासारख्या भेगा असतात. खारं पाणी त्यातून खालच्या पोलादापर्यंत जातं, गंज फुगतो आणि क्रोमचा टवका उडतो. क्रोमचा थर असतो २०-२५ मायक्रॉनचा, त्यात आपण एमरी मारून तो आणखी पातळ केलेला. चवथीनंतर ट्रॉली सरळ रस्त्यावर चालली, खड्ड्यांचा पट्टा सीलखालून फारसा गेलाच नाही. वायंगणाला छोट्या कुणग्यांत (भातखाचरांत) दर दोन मिनिटांनी वळण आलं, आणि प्रत्येक वळणाला खड्ड्यांनी सील कापला.

पण या सगळ्याच्या मुळाशी किटमधला डस्ट सील (धूळ-चिखल बाहेरच अडवणारा). राग तिथेच आहे. आलेला सील पत्र्याच्या कवचाचा होता, ग्लँडमध्ये ठोकून बसवायचा. कवच साध्या पोलादाचं. खाऱ्या चिखलात बाहेरच्या कडेने गंजलं, फुगलं, ओठी एका बाजूने रॉडपासून उचलली गेली. तिथून चिखल आत जायचा आणि रॉड सीलपाशी वाळूच्या कागदासारखा बसून राहायचा. किनारपट्टीला हा प्रकार विकूच नये. तोच सील घाटावर कोरड्या मातीत वर्षानुवर्षं चालत असेल, हरकत नाही.

वर्कशॉपशी वाद झाला तो गॅरंटीवर. त्यांचं म्हणणं, गॅरंटी सीलची, रॉडची नाही, आणि क्रोम करा असं सांगितलं होतंच. हे दुसरं वाक्य खरं असल्यामुळे जास्त झोंबलं. पण गंजका डस्ट सील त्यांच्याच किटमधला होता, त्यावर उत्तर मिळालं नाही.

दुसऱ्या खेपेला रॉड ग्राइंड करून क्रोम, वर पुन्हा ग्राइंडिंग आणि पॉलिश. पॉलिश नेहमी गोल फिरवून. लांबीच्या दिशेने ओरखडा पडला तर तेलाला पाट काढून दिल्यासारखं होतं. डस्ट सील पॉलियुरेथेनचा, कवच नसलेला, खाचेत दाबून बसणारा. त्यासाठी ग्लँडची खाच लेथवर बदलावी लागली. रॉडचा व्यास, खाचेचा व्यास आणि रुंदी ही तीन मापं व्हर्नियरने घेऊन सुटा सील आणला. ओठी बाहेरच्या बाजूला, रॉड सीलची ओठी तेलाच्या बाजूला. हे उलटं बसवणारे फिटर अजून आहेत.

आता चाकं सरळ करूनच इंजिन बंद होतं. दोन्ही टोकांना रॉड असलेल्या सिलिंडरमध्ये पूर्ण झाकलेली स्थिती नसतेच, पण निदान एकच बाजू सगळी उघडी राहत नाही. एकच रॉड असलेला सिलिंडर असेल तर रॉड आत घेऊनच लावावा. खाजनातून आल्यावर गोड्या पाण्याने धुणं, पाइपची साधी धार. प्रेशर वॉशरचा झोत डस्ट सीलवर मारला की तेच खारं पाणी ओठीखालून आत ढकललं जातं. मग तेलाच्या फडक्याने रॉड पुसायचा.

मार्चअखेर ग्लँड दोन्हीकडे कोरडा आहे. खाऱ्या मातीची खरी परीक्षा जूनमध्येच. दुसऱ्या बिलात मजुरी पुन्हा पूर्ण लावली आहे, आणि डस्ट सील सगळ्यात खालच्या ओळीत, सगळ्यात लहान आकड्याचा.